चामखिळीचा विषाणू आणि त्याचा लगाम

गेल्या महिन्यात या सदरात हातापायांवरील चामखिळींविषयी लिहिले होते. चामखीळ विषाणूमुळे उठते आणि त्या विषाणूचे नाव ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, थोडक्यात एचपीव्ही, असा उल्लेख त्यात ओघाने आला होता. त्यावर तालुक्याच्या गावातील एका शिक्षकांचे पत्र आले आहे. त्यांच्या पत्नीच्या गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी एका शिबिरात झाली आणि अहवालात ‘हाय रिस्क एचपीव्ही पॉझिटिव्ह’ असे छापून आले. तेव्हापासून घरात कुणाला धड जेवण गेलेले नाही, असे ते लिहितात. चामखिळीचा विषाणू तिथे पोचला कसा, याचा अर्थ कर्करोग झाला असाच का, आणि कुणीतरी सांगितल्याप्रमाणे पिशवी काढून टाकावी का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत. चौथा प्रश्न त्यांनी विचारलेला नाही. पण तो ओळींमधून डोकावतो आहे. त्याकडे नंतर येऊ.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. पण नुसते ‘नाही’ म्हटल्याने कुणाचे समाधान होत नाही, हे पंचवीस वर्षांच्या दवाखान्यात मी रोज पाहतो. ‘का नाही’ हे कळले की माणूस निर्धास्तपणे झोपतो आणि सांगितलेल्या तारखेला तपासणीला येतोही. म्हणून आज जरा खोलात जाऊ. विषय थोडा किचकट आहे. वाचकांनी सकाळचा चहा झाल्यावर निवांत वाचावा.

एचपीव्ही हा एकच विषाणू नाही. ते मोठे खटले आहे. त्याचे दोनशेहून अधिक प्रकार आजवर सापडले असून त्यांना नावांऐवजी क्रमांक दिलेले आहेत. प्रत्येकाचे राहण्याचे ठिकाण ठरलेले. काही तळहात-तळपायांच्या जाड कातडीत राहतात आणि चामखीळ आणतात. ६ आणि ११ क्रमांकाचे प्रकार जननेंद्रियांवर मोडासारख्या गाठी उठवतात. दिसायला वाईट, पण त्यांतून कर्करोग सहसा होत नाही. डझनभर प्रकार मात्र खोडसाळ आहेत. त्यांत १६ आणि १८ हे दोघे म्होरके. जगात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या दर दहा रुग्णांपैकी सुमारे सात जणींमध्ये या दोघांपैकी एक सापडतो. तेव्हा गुरुजींच्या बोटावरची चामखीळ आणि त्यांच्या पत्नीचा अहवाल यांचा काही संबंध नाही. आडनाव एक, घरे वेगळी.

आता हा विषाणू आतून कसा असतो ते पाहू. प्रथिनांच्या एका गोल डबीत डीएनएचे एक बारीक कडे, एवढाच त्याचा संसार. त्या कड्यावर सुमारे आठ हजार अक्षरांचा मजकूर असतो. तुम्ही वाचत आहात तो लेख साधारण तेवढ्याच अक्षरांचा होईल. आपल्या एका पेशीतील डीएनएमध्ये अशी सुमारे सहाशे कोटी अक्षरे असतात, यावरून विषाणूचा चिमुकलेपणा लक्षात यावा. एवढ्याशा मजकुरात सात-आठ प्रथिने बनवण्याच्या कृती लिहिलेल्या आहेत. एका कृतीला आपण एक जनुक म्हणतो. प्रथिनांना शास्त्रज्ञांनी रुक्ष नावे दिली आहेत. आधी लागणारी ई-१, ई-२, ई-४, ई-५, ई-६ आणि ई-७. शेवटी लागणारी एल-१ आणि एल-२. सगळी लक्षात ठेवण्याची गरज नाही. ई-२, ई-६, ई-७ आणि एल-१ ही चार लक्षात राहिली तरी आजचे काम भागेल.

कृती लिहिलेली असणे आणि पदार्थ शिजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या डोळ्याच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत जनुके तीच असतात. पण डोळ्याची पेशी पित्त करत नाही आणि यकृत पाहू शकत नाही. कारण प्रत्येक पेशीत काही जनुके उघडी असतात आणि बाकीची मिटलेली. उघड्या जनुकाची आधी नक्कल काढली जाते (तिला आरएनए म्हणतात) आणि त्या नकलेवरून प्रथिन बनते. कोणते जनुक केव्हा उघडायचे, किती उघडायचे आणि केव्हा मिटायचे, यावर पेशीचे सारे वागणे ठरते. विषाणूचेही तसेच आहे. त्याच्या कड्यावर जवळजवळ एक-दशांश भाग असा आहे की ज्यात कोणतीच कृती नाही. तो भाग म्हणजे त्याचा स्विचबोर्ड. आपल्या गोष्टीचा सारा मतलब या स्विचबोर्डावर आहे.

गर्भाशयाच्या तोंडावरचे आवरण थरांचे असते. सर्वांत खालच्या थरात नव्या पेशी जन्मतात, हळूहळू वर सरकतात, चपट्या होतात आणि शेवटी गळून पडतात. वरच्या थरांना विषाणू काही करू शकत नाही. पण कुठे बारीक खरचटले असेल तर तो तळच्या थरापर्यंत पोचतो. तिथे तो अगदी गुमान राहतो. एका पेशीत त्याच्या थोड्याशाच प्रती असतात आणि प्रथिने जेमतेम बनतात. हे त्याच्या फायद्याचे आहे, कारण गडबड केली तर शरीराच्या पहारेकऱ्यांचे लक्ष जाईल. रक्तात तो उतरत नाही, ताप आणत नाही, पेशी फोडत नाही. इतका सभ्य पाहुणा विषाणूंमध्ये विरळा!

पेशी वर सरकू लागली की मात्र त्याची अडचण होते. विषाणूला स्वतःच्या प्रती काढायच्या असतात, पण त्यासाठी लागणारी यंत्रसामग्री त्याच्याकडे जवळपास नाहीच. ती पेशीची वापरावी लागते. आणि वर सरकणाऱ्या पेशीने तर विभागणी थांबवून आपले दुकान बंद केलेले असते. मग तो ई-७ आणि ई-६ ही दोन प्रथिने बनवतो. ई-७ पेशीतील ‘आरबी’ नावाच्या प्रथिनाला धरते. या आरबीचे काम म्हणजे विभागणीला लागणारी जनुके मिटून ठेवणे. आरबी बाजूला झाले की ती सारी जनुके धडाधड उघडतात आणि बंद दुकान पुन्हा चालू होते. पण पेशीलाही अक्कल असते. असे अवेळी काम सुरू झालेले तिला कळते आणि पी-५३ नावाचे राखणदार प्रथिन तिला थांबण्याचा, प्रसंगी मरून जाण्याचा हुकूम देते. तो हुकूम निघू नये म्हणून ई-६ येते. ते पी-५३ वर पेशीच्याच एका प्रथिनाच्या मदतीने ‘मोडीत काढा’ अशी खूण लावते आणि पेशीची भंगार यंत्रणा आपल्याच राखणदाराचा चुरा करते. शिवाय ही दोघे मिळून पेशीची धोक्याची घंटा वाजवणारी जनुकेही दाबून ठेवतात.

एवढे वाचून कुणालाही वाटेल की झाला कर्करोग. पण इथेच खरी गंमत आहे. विषाणूला कर्करोग नको असतो. त्याला हव्या असतात आपल्या प्रती, आणि त्या तयार झाल्या की ई-६ आणि ई-७ यांना वेळेवर आवरायचेही असते. हे काम ई-२ करते.

ई-२ हे प्रथिन विषाणूच्या स्विचबोर्डावर चार ठरलेल्या जागी बसते. यांतल्या दोन जागा अगदी मोक्याच्या आहेत. ई-६ आणि ई-७ यांची नक्कल जिथून काढायला सुरुवात होते, त्याला त्या खेटून आहेत. नक्कल काढायची तर आपल्या पेशीतील काही प्रथिनांना तिथे येऊन बसावे लागते. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसे ई-२ त्या जागी आधी बसून राहते. मग पेशीच्या प्रथिनांना टेकायला जागा उरत नाही आणि ई-६, ई-७ यांच्या नकला निघणे कमी होते. पेशीतलीच काही प्रथिने या कामी ई-२ ला हातभार लावतात. यात प्रमाणाचाही खेळ आहे. ई-२ थोडे असेल तेव्हा ते लांबच्या जागी बसते आणि उलट नकला काढायला मदत करते, असे प्रयोगांत दिसते. ते वाढले की जवळच्या जागा भरतात आणि दार मिटते. आमच्याकडे ज्वारीला पाणी देताना दारे धरणारा माणूस नाही का, वाफा भरला की दार मोडून पुढे घालतो? पाणी तेच, राखण करणाऱ्याच्या हातात कमी-जास्त.

ई-२ ला आणखीही कामे आहेत. ई-१ ला सोबत घेऊन ते विषाणूच्या कड्याच्या प्रती काढायला लावते, आणि पेशीचे दोन भाग होताना विषाणूची कडी दोन्हीकडे वाटली जातील असे पाहते. पेशी सर्वांत वरच्या थरात पोचली, की स्विचबोर्डावरची दुसरी बटणे दाबली जातात आणि मग कुठे एल-१ आणि एल-२ बनू लागतात. ही दोन डबीची प्रथिने. ती शेवटी बनतात यालाही अर्थ आहे. शरीराला परकी म्हणून चटकन ओळखू येतील अशी हीच. म्हणून विषाणू ती अशा पेशीत बनवतो की जी उद्या-परवा गळून पडणारच आहे. डबीत कडे भरले जाते, पेशी गळते, नवा विषाणू बाहेर पडतो. तळच्या पेशींना फारसा धक्का लागलेला नसतो. बहुतेक बायकांच्या बाबतीत गोष्ट इथेच संपते. शरीराचे पहारेकरी उशिरा का होईना जागे होतात आणि शंभरातील सुमारे नव्वद संसर्ग दोन वर्षांच्या आत आपोआप निवळतात. बाईला त्याचा पत्ताही लागत नाही.

मग कर्करोग होतो कसा? अपघाताने. संसर्ग निवळला नाही, वर्षानुवर्षे रेंगाळला, तर कधीतरी एखाद्या पेशीत विषाणूचे कडे तुटते आणि तुटलेला दोर आपल्या डीएनएच्या एखाद्या फटीत जाऊन जोडला जातो. कडे कुठेही तुटू शकते. पण ज्या पेशी पुढे कर्करोगाच्या होतात त्यांत ते बहुधा ई-१ किंवा ई-२ च्या मजकुरात तुटलेले आढळते. स्विचबोर्ड शाबूत, ई-६ शाबूत, ई-७ शाबूत. फक्त त्यांना आवरणारा ई-२ फाटला. दारे धरणारा माणूस गेला आणि मोटार रात्रभर चालू. भरीला आणखी एक गोष्ट घडते. विषाणूचा मजकूर आपल्या मजकुराला जोडून वाचला जाऊ लागल्याने निघणाऱ्या नकला अधिक काळ टिकतात. म्हणजे पाणीही जास्त आणि पाझरही कमी.

आता पी-५३ चा रोज चुरा होतो, आरबी रोज बाजूला पडते. ई-६ आणखी एक जनुक उघडते, जे एरवी अशा पेशींत मिटलेले असते आणि ज्यामुळे पेशीच्या आयुष्याला मर्यादा राहत नाही. पेशी मरत नाही, थांबत नाही आणि डीएनएमध्ये झालेली मोडतोड दुरुस्त न करताच विभागत राहते. एकावर एक चुका साचतात. विषाणूच्या दृष्टीनेही हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे, कारण अशा पेशीत नवे विषाणू तयारच होत नाहीत. कुणाचा फायदा नाही असा हा अपघात आहे.

नेहमी कडे तुटलेच पाहिजे असेही नाही. १८ क्रमांकाच्या विषाणूमुळे होणाऱ्या कर्करोगांत ते जवळजवळ नेहमी जोडले गेलेले सापडते. १६ क्रमांकाच्या बाबतीत बहुसंख्य वेळा, पण सर्वदा नाही. काही ठिकाणी कडे अखंड असते, पण ई-२ च्या बसण्याच्या जागांवर रासायनिक खुणा बसून त्या निकामी होतात. वाट वेगळी, परिणाम तोच.

हे सारे कळले कसे, हेही थोडक्यात सांगतो. १९७० च्या दशकापर्यंत या कर्करोगाचा संशय नागिणीच्या जातीच्या एका विषाणूवर, हर्पीसवर होता. जर्मनीतील हाराल्ड झूर हाउसेन यांनी पॅपिलोमा विषाणूवर बोट ठेवले तेव्हा फार थोड्यांना ते पटले. १९८३ मध्ये त्यांच्या गटाने १६ आणि पुढच्या वर्षी १८ क्रमांकाचा विषाणू कर्करोगाच्या गाठींतून वेगळा केला. २००८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १८ क्रमांक सापडताच जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या जाणाऱ्या ‘हेला’ पेशी तपासल्या गेल्या. या पेशी अमेरिकेतील हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून १९५१ साली, तिची परवानगी न घेता घेतलेल्या. ती बिचारी त्याच वर्षी वयाच्या ३१ व्या वर्षी वारली. तिच्या पेशी आजही काचेच्या भांड्यात वाढत आहेत. त्यांत १८ क्रमांकाचा विषाणू निघाला. ई-६ आणि ई-७ चालू, ई-२ तुटलेले.

पुढचा प्रयोग मला फार आवडतो. अमेरिकेतील येल विद्यापीठात डॅनियल डिमायो यांच्या गटाने १९९० च्या दशकात या हेला पेशींत ई-२ चे जनुक बाहेरून घातले. तेही माणसाच्या विषाणूचे नव्हे, गुरांना चामखीळ आणणाऱ्या विषाणूचे. चाळीस वर्षे न थांबलेल्या पेशी थांबल्या. ई-६, ई-७ मिटले, पी-५३ पुन्हा साचू लागले, आरबी जागेवर आले आणि पेशी म्हाताऱ्या झाल्या. म्हणजे कर्करोगाच्या पेशीतही आपले राखणदार मेलेले नसतात; त्यांना रोज दाबून ठेवले जात असते. यावरून औषध काढण्याचे प्रयत्न चालू आहेत, पण ई-६ आणि ई-७ यांना थांबवणारे औषध नेहमीच्या उपचारात अजून आलेले नाही. ‘एचपीव्ही मुळापासून नाहीसा करू’ अशा जाहिराती कुणी दाखवल्या तर पैसे खिशातच ठेवावेत.

आता गुरुजींच्या घरी परत येऊ. ‘पॉझिटिव्ह’ याचा अर्थ विषाणूचा डीएनए सापडला, एवढाच. लगाम शाबूत आहे की तुटला, हे तो अहवाल सांगत नाही. बहुतेकींमध्ये शाबूत असतो. ते पाहण्यासाठी पुढची तपासणी असते. दुर्बिणीसारख्या यंत्रातून गर्भाशयाचे तोंड पाहणे, म्हणजे कॉल्पोस्कोपी, आणि संशय आला तर तिथला छोटा तुकडा काढून तपासणे. त्या तुकड्यावर प्रयोगशाळा कधी ‘पी-१६’ नावाचा रंग देते. हा रंग विषाणूचा नसून आपल्याच एका प्रथिनाचा आहे. ई-७ ने आरबीला बाजूला सारले की पेशी घाबरून पी-१६ भरमसाट बनवते. आवरण दाट रंगले तर समजायचे की दार उघडे राहिले आहे. काही ठिकाणी ई-६ आणि ई-७ यांच्या नकलाच मोजणारी तपासणीही होते.

दार उघडे राहिल्यापासून कर्करोग होईपर्यंतही दिवस नव्हे, वर्षे लागतात. संसर्गापासून मोजले तर साधारण पंधरा ते वीस वर्षे. एचआयव्ही असलेल्या आणि उपचार न घेतलेल्या स्त्रीमध्ये पाच ते दहा. या मधल्या काळात बिघाड आवरणातच असतो. तो गोठवून, उष्णता देऊन किंवा तारेच्या फासाने तेवढा भाग काढून नाहीसा करता येतो. बाई बहुधा त्याच दिवशी घरी जाते. पिशवी जागेवर राहते.

म्हणून तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठामपणे देतो. निव्वळ पॉझिटिव्ह अहवालावर, किंवा अंगावर पांढरे जाते एवढ्यावर, पिशवी काढू नये. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, हे वाचकांना आठवत असेल. ‘काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ हे वाक्य किती घरांत बोलले गेले असेल! तुकडा न तपासता पिशवी काढण्यात दुसराही धोका आहे. आत खरोखर कर्करोग असेल तर त्याची शस्त्रक्रिया वेगळी आणि मोठी असते. साधी शस्त्रक्रिया आधी होऊन गेली की पुढचा उपचार अवघड होऊन बसतो.

आता न विचारलेला चौथा प्रश्न. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, मग आला कुणाकडून? माझ्या खोलीत नवरा-बायको दोघे बसलेले असतात, अहवाल टेबलावर असतो आणि दोघेही एकमेकांकडे पाहत नाहीत, असा प्रसंग येतो. मी त्यांना सांगतो ते इथेही सांगतो. लग्नसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना हा विषाणू आयुष्यात केव्हा ना केव्हा भेटतोच. तो तळच्या थरात वर्षानुवर्षे गप्प राहू शकतो, हे वर आपण पाहिले. आज अहवालात दिसलेला विषाणू गेल्या वर्षीचा की वीस वर्षांपूर्वीचा, बायकोकडून की नवऱ्याकडून, हे जगातील कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. त्या कागदावरून कुणाच्या चारित्र्याचा निकाल लावणे म्हणजे शुद्ध अन्याय आहे. सासूबाईंनीही हे वाचावे.

भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा कर्करोग झाल्याचा आणि सुमारे ८० हजार दगावल्याचा अंदाज आहे. ज्या रोगाला पंधरा वर्षे लागतात त्याने इतक्या बायका जाव्यात, याचे कारण बहुतेकींची एकदाही तपासणी झालेली नसते. तपासणीचा उपयोग किती, याचा दाखला आपल्या शेजारच्या जिल्ह्यानेच दिला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय यांनी मोठा अभ्यास केला. डॉ. रेंगास्वामी शंकरनारायणन हे त्यांतील प्रमुख. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायका त्यात होत्या. आठ वर्षांनी पाहिले तर ज्या गटाची एचपीव्ही तपासणी फक्त एकदाच झाली होती, त्यात या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या निम्म्यावर आले होते. २००९ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि जगाने आपले धोरण ठरवताना तो वापरला. आपल्याकडच्या लुगड्यातल्या बायकांनी जगाला दिलेली ही देणगी आहे, पण गावात विचारा, कुणाला माहीत नसते.

आपल्याकडे सरकारी केंद्रांत बहुतेक ठिकाणी होते ती व्हिनेगरची तपासणी. गर्भाशयाच्या तोंडाला सौम्य ॲसेटिक ॲसिड लावतात आणि मिनिटभर थांबून पाहतात. बिघडलेल्या पेशी सतत विभागत असल्याने त्यांत केंद्रकाचा आणि प्रथिनांचा भरणा जास्त. आम्लाने ती गोठतात आणि डाग पांढरा दिसतो. उस्मानाबादच्या अभ्यासात ही तपासणी एकदाच केल्याने मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नव्हता. मुंबईच्या वस्त्यांत मात्र दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्या, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. हे २०१४ मध्ये शोधनिबंधात प्रसिद्ध झाले. म्हणजे एचपीव्हीची तपासणी मिळत असेल तर ती पाच ते दहा वर्षांतून एकदा पुरे. व्हिनेगरची असेल तर एकदा करून निश्चिंत राहू नये.

लसीविषयी विचारणा नेहमी होते. लसीत असतात एल-१ प्रथिनाच्या रिकाम्या डब्या. आत डीएनए नाही, त्यामुळे लसीने संसर्ग होणे शक्य नाही. शरीर त्या डबीविरुद्ध प्रतिपिंडे तयार ठेवते आणि खरा विषाणू दारातच अडवला जातो. पण तो एकदा तळच्या थरात शिरला की तिथे एल-१ बनतच नाही, आणि कडे तुटलेल्या पेशीत तर कधीच बनणार नाही. मग प्रतिपिंडांनी ओळखायचे काय? म्हणून लस मुलींना ९ ते १४ वर्षांच्या वयात, संबंध येण्याच्या बऱ्याच आधी द्यायची. झालेला संसर्ग ती घालवत नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लसीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. तिच्यात ६, ११, १६ आणि १८ हे प्रकार आहेत. मात्रा किती, यावरही आपल्या देशातून उत्तर मिळाले. २०१० मध्ये सरकारने लसीचे संशोधन थांबवल्याने अनेक मुलींना एकच मात्रा मिळाली होती. दहा वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले तेव्हा एका मात्रेचेही संरक्षण भक्कम निघाले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक मात्राही चालेल असे म्हटले. लस घेतलेल्या मुलींनीही तिशीनंतर तपासणी करायचीच आहे, कारण लसीत नसलेले प्रकार उरतातच.

तपासणीची वाट न पाहता लगेच डॉक्टरांकडे जावे अशी लक्षणे तीन. संबंधानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे आणि पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसणे. गेल्या पावसाळ्यात पन्नाशी उलटलेल्या एक बाई आल्या. पाळी जाऊन चार वर्षे झाली होती. पुन्हा रक्त दिसू लागले तेव्हा शेजारणींनी ‘पाळी परत आली, तब्येत सुधारली’ असे म्हणून साखर वाटायचे तेवढे ठेवले होते. त्यात सात महिने गेले. आता त्यांचे किरणोपचार चालू आहेत.

गुरुजींच्या पत्नीने पंधरा दिवसांत जिल्हा रुग्णालयातील स्त्रीरोग विभागात कॉल्पोस्कोपीसाठी जावे. अहवालाचा कागद सोबत न्यावा. त्यावर १६ किंवा १८ असा क्रमांक आहे का ते डॉक्टर आधी पाहतील. पाळीचे दिवस टाळावेत आणि आदल्या दोन दिवसांत आत औषध किंवा गोळी ठेवू नये. भूल लागत नाही, उपाशी राहावे लागत नाही, आणि अर्ध्या तासात मोकळे होता येते. काही आढळले नाही तर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा तपासणी. ३० वर्षांवरील इतर भगिनींनी आपल्या आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रातील नर्सबाईंना विचारून तपासणीचा वार जाणून घ्यावा.

पुरुषांच्या घशात आणि जिभेच्या मुळाशी हाच विषाणू काय करतो, असे दोन वाचकांनी विचारले आहे. त्याविषयी, आणि तंबाखूमुळे तोंडात पडणाऱ्या पांढऱ्या चट्ट्यांविषयी, पुढील आठवड्यात.